बिडाचा पाया, पितळी दांडा, फायबरग्लासची शेड: १९५० च्या दशकातल्या जर्मन उभ्या दिव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत राहायला गेलेली मराठी मंडळी, तिथून परतताना काय काय आणावं याची यादी करणारे, आणि मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात असा एखादा दिवा दिसल्यावर पाय अडखळलेले लोक: प्रश्न या तिघांकडून येतात. आधी ओळख, मग खरेदी, मग दुरुस्ती असा साधारण क्रम ठेवला आहे. घाईत असाल तर बाकी काहीही वगळा, वायरिंगचा प्रश्न मात्र वाचा.

नेमक्या कोणत्या दिव्यांबद्दल बोलतोय आपण?

पश्चिम जर्मनीत साधारण १९५० पासून साठीच्या सुरुवातीपर्यंत घरोघरी आलेल्या उभ्या दिव्यांबद्दल. उंची दीड मीटरच्या आसपास. खाली जड गोल पाया, वर बोटाएवढा पितळी दांडा आणि त्यातून फुटलेले एक, दोन किंवा तीन हात. काही हात ताठ असतात, काही हवे तसे वाकवता येतात. प्रत्येक हाताच्या टोकाला भेळेच्या कागदी कोनासारखी निमुळती शेड. जर्मनीत यांना 'ट्यूटेनलांपे' म्हणतात, आणि जुन्या बाजारात हा एक शब्द म्हटला की विक्रेत्याला बाकी काही सांगावं लागत नाही. दुसरा प्रकार एकाच मोठ्या गोल शेडचा. तो आरामखुर्चीच्या शेजारी उभा करायचा.

कोनाच्या कितीतरी शेड रंगवलेल्या, भोकं पाडलेल्या पत्र्याच्या असतात. त्याही छान दिसतात. पण पत्र्याचा दिवा फक्त तोंडातून उजेड टाकतो आणि फायबरग्लासची शेड स्वतः उजळते, त्यामुळे संध्याकाळी खोलीत दोघांचा थाट अगदी वेगळा असतो. इथे जे काही आहे ते फायबरग्लासवाल्यांबद्दल.

हे दिवे त्याच काळात, तिथेच एवढे का निघाले?

याचं उत्तर घरांच्या आकारात आहे. युद्धात शहरं बेचिराख झाली होती. २० जून १९४८ ला नवा मार्क आला, दुकानांत माल दिसू लागला. एप्रिल १९५० मध्ये पश्चिम जर्मनीने घरबांधणीचा कायदा केला: सहा वर्षांत १८ लाख घरं, आणि सरकारी मदतीच्या घराचं क्षेत्रफळ ३२ ते ६५ चौरस मीटर. ६५ चौरस मीटर म्हणजे सातशे चौरस फूट. मुंबईकराला त्यात रडण्यासारखं काही वाटणार नाही, पण ज्यांच्या आजीकडे ओकची अजस्र कपाटं आणि टेबलावर झुंबर होतं, त्यांना या खोल्यांत जुन्या पद्धतीने राहणं शक्यच नव्हतं.

एकाच खोलीत जेवण, बसणं, कधी झोपणंही. छताच्या मधोमध एक दिवा टांगून ते भागत नाही. तीन हातांच्या दिव्याने प्रश्न सोडवला. एक कोन पुस्तकावर, एक भिंतीवर, एक सोफ्याच्या कोपऱ्यात. बटण असं असायचं की एक, दोन किंवा तिन्ही दिवे आलटून पालटून लावता येत. शेड हलकी, काचेसारखी फुटणारी नाही, आणि घर बदललं तर दिवा उचलून नेता येतो.

त्यात टीव्ही आला. २५ डिसेंबर १९५२ पासून तिथे नियमित प्रक्षेपण सुरू झालं आणि अंधारात टीव्ही पाहिला की डोळे बिघडतात अशी समजूत पसरली. मग सेटशेजारी मंद दिवा हवा. डोळ्यांत न घुसणारा, पडद्यावर चमक न पाडणारा. दुधी फायबरग्लासला याहून सोयीचं काम दुसरं नव्हतं.

बनत कुठे होते?

बऱ्याच दिव्यांचा पत्ता एकाच गावात जाऊन थांबतो: नेहाइम. ऱ्हाइनच्या पूर्वेला, झाउअरलांडच्या डोंगराळ भागात, जिथे म्योने नदी रूर नदीला मिळते तिथे. १९४१ मध्ये शेजारच्या ह्यूस्टनशी जोडून त्याचं नेहाइम-ह्यूस्टन झालं, आणि १९७५ पासून ते आर्न्सबेर्ग शहराचा भाग आहे. त्यामुळे लेबलवर 'नेहाइम-ह्यूस्टन' छापलेलं असेल तर दिवा १९७५ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी. कोझाक, कायझर आणि हिलेब्रांड हे तिन्ही कारखाने इथलेच. होल्डर बनवणारी बीजेबी कंपनी तर इथे १८६७ पासून आहे.

१६ मे १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी वरच्या अंगाला असलेलं म्योने धरण फोडलं. लोंढा थेट नेहाइमवर आला. मेलेल्यांत सक्तीने मजुरीला आणलेल्या परदेशी बायकांची संख्या फार मोठी होती, त्यांची छावणी नदीकाठीच होती. दहा वर्षांनी त्याच खोऱ्यातून पिवळे, लाल, पुदिनी रंगाचे कोन देशभर जात होते. दिव्याच्या जाहिरातींत हा इतिहास अर्थातच कुठे नसतो.

नेहाइमबाहेर लेमगोची श्टाफ, डेटमोल्डची टेमडे, ल्यूडेनशाइडची एर्को ही नावं भेटतात. व्हिएन्नाच्या कालमारचे दिवेही 'जर्मन' म्हणून सर्रास विकले जातात. ते ऑस्ट्रियन आहेत, आणि बहुतेक वेळा जास्त चांगल्या बनावटीचे.

हे बाऊहाऊस आहे ना?

नाही. विक्रेता तसं म्हणाला तर एक कान बंद ठेवा. बाऊहाऊस ही जर्मनीतली डिझाइनची शाळा, आणि ती १९३३ मध्येच बंद पडली. धागा जोडायचाच तर ख्रिस्तियान डेलचा जोडता येतो. तो वायमारच्या बाऊहाऊसमध्ये धातुकामाच्या कार्यशाळेचा प्रमुख कारागीर होता आणि पुढे नेहाइमच्या कायझरसाठी त्याने टेबलावरचे प्रसिद्ध दिवे केले. पण ते काळे, करड्या मुद्रेचे कामाचे दिवे. कोनांच्या या रंगीत घोळक्याशी त्यांचं नातं फक्त गावकीचं.

उलट बाऊहाऊसचा वारसा सांगणाऱ्यांना हे दिवे मुळीच पसंत नव्हते. १९५३ मध्ये उल्मला डिझाइनचं नवं विद्यालय सुरू झालं. तिथल्या शिस्तीत मूत्रपिंडाच्या आकाराची टेबलं आणि रंगीत कोन म्हणजे बाजारू नखरे. ब्राउन कंपनीचे रेडिओ आणि ग्रामोफोन त्या शिस्तीतून आले. गंमत अशी की त्या उल्मची एक फांदी थेट पवईला पोहोचली आहे. सुधाकर नाडकर्णी जेजेतून उल्मला गेले, तिथे शिकले, आणि १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत सुरू झालेल्या औद्योगिक डिझाइन केंद्राच्या संस्थापकांपैकी एक झाले. म्हणजे आपल्याकडे डिझाइन शिकवणाऱ्यांची परंपरा यातल्या सरळ रेषेवाल्या घरातली आहे, कोनवाल्या नव्हे. मला स्वतःला दोन्ही आवडतात, पण थकून घरी आल्यावर लावावासा वाटतो तो कोनवालाच.

फायबरग्लासची शेड म्हणजे नक्की कशाची?

काचेचे केसाहून बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढून धागे काढतात. हे तंत्र १९३० च्या दशकात अमेरिकेत कारखान्याच्या पातळीवर आलं. चाळीशीत त्याला पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली आणि विमानाच्या भागांपासून होड्यांपर्यंत सगळं त्यातून होऊ लागलं. शेडसाठी मात्र त्याचा पातळ, लवचीक तक्ता वापरतात: धागे वाटेल तसे पसरलेले, वर रेझिन, हवा तर त्यात रंग. तो तक्ता कापून गुंडाळायचा, वरखाली तारेच्या कड्या घालायच्या, आणि कडा प्लॅस्टिकच्या बारीक दोरीने ओवून टाकायच्या.

उजेड इतका सुंदर का पसरतो, तर काच आणि पॉलिएस्टर रेझिन प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात. त्यामुळे तक्ता पूर्ण अपारदर्शक होत नाही. पण हे 'जवळजवळ' महत्त्वाचं. थोडा फरक उरतो, मध्ये कुठे हवेचे बुडबुडे अडकतात, आणि प्रत्येक धाग्यावर प्रकाश किंचित फुटतो. दिवा बंद असताना शेड साधी दुधी दिसते. लावल्यावर आतली धाग्यांची जाळी वर येते. कुठे दाट, कुठे विरळ, दोन शेड कधीच हुबेहूब सारख्या नसतात.

म्हणून खरेदीबद्दल कुणी एकच सल्ला मागितला तर मी म्हणेन, शेड बघून दिवा घ्या. वायर बदलता येते, होल्डर बदलता येतो, दांडा सरळ करता येतो. साठ-सत्तर वर्षांची धड शेड परत मिळत नाही.

शेड खरंच फायबरग्लासची आहे, हे ओळखायचं कसं?

उजेडासमोर धरा. वेडेवाकडे, एकमेकांवरून गेलेले धागे दिसले पाहिजेत आणि ते जाडीच्या *आत* असले पाहिजेत. वरून छापलेली नक्षी असेल तर ती तिरक्या उजेडात एका पातळीवर दिसते. मग आतल्या बाजूने अगदी हलकं बोट फिरवा, किंचित खरखर लागते.

चर्मपत्रासारखा दिसणारा कागद जुना झाला की कडेला तपकिरी होतो आणि घडीवर फाटतो. फायबरग्लास फाटत नाही, तडकतं. सेल्युलोज ॲसिटेटचे तक्तेही त्या काळात खूप वापरले जात. ते गुळगुळीत असतात, आत धागे नसतात, आणि खराब होऊ लागले की शिरक्याचा वास मारतात. नाकाची ही परीक्षा सहसा चुकत नाही. काडी लावून बघायचा सल्ला कुठे वाचलात तर विसरून जा. दुकानदाराच्या मालावर तर नाहीच नाही.

मग ते ढगासारखे, कोशासारखे दिवे?

ते 'कोकून'. तारेच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकचं द्रावण फवारतात, ते जाळ्यासारखं चिकटून वाळतं. अमेरिकेत जॉर्ज नेल्सनने १९५२ पासून तसे दिवे केले, इटलीत कास्तिलिओनी बंधूंनी १९६० मध्ये, आणि जर्मनीत वुपर्टालच्या गोल्डकांटने. त्यांत फायबरग्लास नाही. साफसफाई वेगळी, दुरुस्ती वेगळी, किंमतही वेगळी. एकाच्या नावावर दुसरं विकलं जातं ते मुद्दाम कमी आणि अज्ञानाने जास्त.

दिव्यावर कुठेच नाव नाही. कुणाचा आहे हे कसं कळणार?

बहुतेक वेळा कळणार नाही, आणि त्याने काही बिघडत नाही. हे घरगुती बाजारासाठी हजारोंनी केलेले दिवे. कागदी लेबल असायचं, ते पहिल्या वर्षातच गेलं.

तरी शोधायचंच असेल तर दिवा आडवा करून पायाची खालची बाजू बघा. तिथे फेल्ट चिकटवलेलं असतं. त्याच्या कडेला कधी शिक्का, कधी नमुन्याचा क्रमांक सापडतो. फेल्ट उपटू नका. मग होल्डर बघा, आणि इथेच नव्याने नादी लागलेले फसतात. होल्डरवर 'बीजेबी' कोरलेलं असलं की दिवा बीजेबीचा ठरवून मोकळे होतात. ती होल्डरची कंपनी आहे, तिचे होल्डर कुणाच्याही दिव्यात असू शकतात. तसंच त्रिकोणातलं व्हीडीई. ते जर्मनीतल्या विद्युत-सुरक्षा तपासणीचं चिन्ह आहे. बटणावर ते दिसलं तर बटण तपासलेलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

'मेड इन वेस्टर्न जर्मनी' असं इंग्रजीत असेल तर तो निर्यातीचा माल. आपल्याकडच्या बाजारात कधी दिसतो तो हाच.

विक्रेता 'स्टिलनोवो' म्हणून दुप्पट मागतोय.

स्टिलनोवो ही मिलानची दिव्यांची कंपनी, १९४६ मध्ये ब्रूनो गात्ताने काढलेली. तिचे दिवे सहसा चिन्हांकित असतात. 'स्टिलनोवो शैली', 'कालमारच्या पद्धतीचा', 'कोझाकचा असावा' या सगळ्याचा अर्थ एकच: माहीत नाही. नसलेल्या नावाचे पैसे देऊ नका. तेच पैसे चांगल्या शेडवर घाला.

पिवळी पडलेली शेड पुन्हा पांढरी होते का?

होत नाही. पिवळेपणा वर बसलेला नाही, रेझिनच्या आत मुरलेला आहे. ऊन आणि बल्बची उष्णता यांनी पॉलिएस्टर पिवळं पडतं. जुन्या प्लॅस्टिकवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची युक्ती तुम्ही पाहिली असेल. ती संगणकांच्या खोक्यांसाठी ठीक आहे. इथे रेझिनचा वरचा थर आणखी झिजतो आणि धागे उघडे पडतात. बाहेरून पांढरा रंग मारणं म्हणजे तर शेडचं शेडपणच संपवणं.

काही वेळा जो पिवळेपणा वाटतो तो निव्वळ सिगारेटचा थर असतो. त्या काळी जर्मन बैठकीच्या खोल्यांत धूर असायचाच. तो मात्र धुऊन निघतो. आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, ओल्या कापसाने पुसून बघा. कापूस तपकिरी झाला तर खूश व्हा.

धुवायची कशी?

आधी दिव्यावरून उतरवा. मऊ रुंद ब्रशने कोरडी धूळ काढा, आतून आणि बाहेरून. मग कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, आणि लगेच कोरडं पुसणं. दोरीने ओवलेल्या कडांना पाणी मुरू देऊ नका, आत तारेची कडी आहे आणि ती गंजली की तपकिरी ओघळ शेडवर कायमचा बसतो.

नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, अमोनियाचे काच पुसायचे फवारे, घासणी: यातलं काहीही नको. बाजारातून आणलेली ती शेड ॲसिटेटची निघाली तर थिनरने तुमच्या डोळ्यांदेखत विरघळेल.

तडा गेलाय. काय करू?

कडेला बोटभर तडा असेल तर काही करू नका, फक्त तिकडून उचलू नका. तडा वाढत असेल तर आतल्या बाजूने पातळ काचधाग्याचा तुकडा आणि पारदर्शक इपॉक्सी लावता येतं. दिवा लावल्यावर ती जागा थोडी गडद दिसणार आणि काही वर्षांनी इपॉक्सीही पिवळं पडणार, हे धरून चाला. कडेची दोरी तुटली असेल तर नवी दोरी जुन्याच भोकांतून ओवा. नवीन भोकं पाडलीत की तक्ता तिकिटासारखा फाटायच्या तयारीत राहतो.

वरच्या तोंडाशी तपकिरी, करपलेलं वलय दिसलं तर कुणीतरी वर्षानुवर्षं जास्त वॅटचा बल्ब लावला होता. तो भाग ठिसूळ असतो. भाव करताना तेवढं बोलून दाखवा.

हात लावला की खाजतं. यात ॲस्बेस्टॉस असतं का?

फायबरग्लास आणि ॲस्बेस्टॉस ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. खाज सुटते ती काचेचे तुटके धागे कातडीत टोचल्यामुळे. रेझिन झिजून धागे उघडे पडलेल्या जुन्या शेडला हातमोजे घालूनच हात लावा, आणि नंतर हात चोळून न धुता आधी पाण्याखाली धरा. शेड कापायची, घासायची वेळ आली तर एन-९५ मास्क घाला आणि काम उघड्यावर करा. नुसता कोपऱ्यात उभा असलेला दिवा कुणाला काही करत नाही.

एक अपवाद. त्या काळात गरम होणाऱ्या उपकरणांत वायरवर ॲस्बेस्टॉसचं वेष्टन वापरलं जाई. होल्डरजवळ पांढरट, कापसासारखं विणलेलं आवरण दिसलं तर ते ओढू नका, उसवू नका. जाणकाराकडून काढून घ्या.

जुनी वायर तशीच ठेवली तर चालेल? दिवा लागतोय की!

लागतोय हे खरं, आणि त्यामुळेच लोक फसतात. वायर बदलायचीच. कारणं एकाहून अधिक आहेत.

पहिलं म्हणजे वय. कापडाच्या वेष्टनाखालचं रबर सत्तर वर्षांत बिस्किटासारखं होतं. वरून वायर छान दिसते, वाकवली की आतलं रबर चुरा होऊन गळतं. नंतरच्या दिव्यांत प्लॅस्टिकची वायर असते, ती चिकट होते आणि तांब्यावर हिरवट राप धरतो. ही वायर पितळी नळीच्या धारेवरून वळते. तिथे ती सोलली गेली तर अख्खा दांडा जिवंत.

दुसरं कारण रंगांचं, आणि हे तुमच्या वायरमनला शब्दशः वाचून दाखवा. १९६५ च्या आधी जर्मनीत तीन तारांच्या वायरमध्ये काळी फेज, करडी न्यूट्रल आणि लाल अर्थ असायची. आपल्याकडे जुन्या पद्धतीत लाल म्हणजे फेज, काळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी म्हणजे अर्थ. आता विचार करा. आपला अनुभवी माणूस सवयीने लाल तारेला फेज जोडतो. जर्मन दिव्यात ती लाल तार दिव्याच्या धातूच्या अंगाला बांधलेली आहे. बटण दाबायच्या आधीच पितळी दांड्यात २३० व्होल्ट. कारागीर वाईट नाही, रंगांची भाषा उलटी आहे.

तिसरं, पुष्कळ दिव्यांना अर्थ मुळातच नाही, दोनच तारा. पूर्ण धातूच्या दिव्याला तीन तारांची नवी वायर घाला, अर्थ दांड्याला घट्ट स्क्रूने जोडा, आणि हात जोडांमध्ये फिरत असतील तर प्रत्येक हातापर्यंत अर्थ पोहोचतोय हे मल्टीमीटरने तपासा. नळीच्या प्रत्येक तोंडाशी प्लॅस्टिकचं बुश बसवा. नवी वायर कापडी वेष्टनाचीही मिळते, सोनेरी किंवा तपकिरी घेतलीत तर रूप बिघडत नाही.

आट्यांच्या होल्डरमध्ये फेज तळाच्या मधल्या टिकलीला, न्यूट्रल आट्यांना. उलटं जोडलं तर बल्ब बदलताना बोट जिथे लागतं तिथेच करंट. जर्मनीत ही काळजी पूर्णपणे घेताच येत नाही, कारण तिथला प्लग सॉकेटमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो. आपला तीन पिनांचा प्लग एकाच बाजूने बसतो. म्हणजे नीट जोडलेला जर्मन दिवा या एका बाबतीत ठाण्यात जास्त सुरक्षित आहे, अर्थात भिंतीतलं सॉकेट नीट जोडलेलं असेल तर.

व्होल्टेज, प्लग, होल्डर यांचं काय?

व्होल्टेजची अडचण नाही. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग कापून आपला तीन पिनांचा लावा. ॲडॅप्टर लावून ठेवू नका, बरेच ॲडॅप्टर अर्थ जोडतच नाहीत.

होल्डर मात्र बदलून आपला पिनचा, म्हणजे बी-२२, लावायचा मोह टाळा. जर्मन ई-२७ होल्डरच्या, म्हणजे आट्यांच्या बल्बच्या होल्डरच्या, बाहेरच्या आट्यांवर कडी फिरवून शेड बसते, त्यासाठी शेडला सुमारे ४० मिलिमीटरचं भोक असतं. पिनच्या होल्डरची कडी लहान, सुमारे २९ मिलिमीटरची. शेड लोंबकळते, मग कुणीतरी मध्ये पत्र्याची चकती घालतो, मग ती तापते. आट्यांचे बल्ब आता कुठेही मिळतात. बेकेलाइटचा जुना होल्डर तडकलेला असेल तर नवा ई-२७ च घ्या, बाहेर आटे असलेला.

बल्ब कुठला?

एलईडी. या बाबतीत मला जुन्याचा सोस अजिबात नाही. जुना बल्ब विजेतला बहुतेक भाग उष्णतेत घालवतो आणि ती उष्णता निमुळत्या कोनाच्या वरच्या टोकाला कोंडते, म्हणून तर ती करपलेली वलयं. युरोपने २००९ ते २०१२ मध्ये ते बल्ब बाजारातून काढले, या शेडच्या दृष्टीने ते बरंच झालं. लहान कोनाला ४ ते ५ वॅट, मोठ्या शेडला ७ ते ८ वॅट, रंग २७०० केल्विन. पांढराशुभ्र ६५०० केल्विनचा लावलात तर पिवळ्या शेडमधून आजारी हिरवट उजेड येतो. बल्ब दुधी घ्या. आतल्या पट्ट्या दिसणारा पारदर्शक घेतला तर शेडवर रेघा उमटतात.

पितळ काळं पडलंय. पितांबरी लावू?

आधी लोहचुंबक लावा. चिकटला तर पितळ नाही, लोखंडावर पितळेचा मुलामा आहे. पाया तर बहुतेक वेळा बिडाचा, वर पितळी पत्र्याची टोपी. मुलाम्यावर पितांबरी किंवा चिंच घासलीत तर दोन दिवाळ्यांत खालचं लोखंड डोळे मिचकावू लागेल.

चुंबक चिकटला नाही तरी थांबा. अस्सल पितळेवर कारखान्यातच पारदर्शक लाखेचा थर दिलेला असतो. तो जिथे टिकलाय तिथे पितळ सोनेरी आणि जिथे उडालाय तिथे काळं, असे डाग दिसतात. घासलं तर डाग जात नाहीत, वाढतात. एक तर तसंच राहू द्या, नाहीतर सगळा थर उतरवून, पॉलिश करून, पुन्हा लाख मारून घ्या. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत लाखेविना पितळ एका पावसाळ्यात पुन्हा काळवंडतं. मी बहुधा तसंच राहू देईन.

जर्मनीत शोधायचा कुठे?

रविवारचे जुने बाजार, छोट्या जाहिरातींचं क्लाइनआन्त्साइगेन हे संकेतस्थळ, आणि कुणा आजीचं घर रिकामं होताना होणारी विक्री. रस्त्यावर मोठा कचरा ठेवायच्या दिवशीही दिवे दिसतात. उचलण्याआधी तुमच्या गावचा नियम विचारा, काही ठिकाणी तो कचरा नगरपालिकेचा मानतात. स्टुटगार्ट, म्युनिक, फ्रँकफुर्टकडच्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर परतीला निघालेल्यांची घरगुती विक्री चाललेली असते, त्यातही कधी एखादा निघतो. सावकाश बघायचं असेल तर नोव्हेंबरच्या आधी बघा. दिवस लहान झाले की दिव्यांचे भाव चढतात.

भारतात आणायचा कसा?

दांडा सहसा तुकड्यांत उलगडतो. जोडांवर आटे असतात, आत वायर असते, त्यामुळे वायर काढून मगच फिरवा. बिडाचा पाया बॅगेचं बरंचसं वजन खातो. काही लोक तो तिथेच सोडून इथे नवा ओतून घेतात. शक्य असलं तरी मला ते पटत नाही. शेड मात्र हातातल्या सामानात. आतून टॉवेल भरायचा, एकात एक घालायच्या नाहीत, रात्रीतून कडा एकमेकींना चावतात.

मालवाहतुकीने पाठवणार असाल तर वापरलेल्या विजेच्या वस्तूंचे नियम वेगळे आहेत. पेटी बंद करण्याआधी कस्टम्सचा एजंट गाठा. 'प्राचीन वस्तू' म्हणून अडवतील का, असंही विचारतात. प्राचीन वस्तूंच्या १९७२ च्या भारतीय कायद्यात वयाची अट शंभर वर्षांची आहे आणि तो कायदा आपल्याकडचा वारसा बाहेर जाऊ नये म्हणून आहे.

शेड गेलीच आहे. इथे नवी करून घेता येईल?

येईल, जुन्यासारखी नाही. शेड शिवणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत, ते कापड आणि कागदात उत्तम काम करतात. फायबरग्लासचे कारागीर पाण्याच्या टाक्या आणि बोटींचे, त्यांचा तक्ता जाड आणि जड. पातळ काचधाग्याची चटई घेऊन पारदर्शक रेझिनमध्ये एखादा तयार झाला, तर आधी हातभर नमुना करून घ्या आणि मागे बल्ब धरून बघा. जुन्या शेडचा एखादा तुकडा उरला असेल तर मापासाठी तो जपून ठेवा, उलगडल्यावर तोच साचा होतो.

घरात ठेवू कुठे?

थेट ऊन येणाऱ्या खिडकीपासून दूर, दाराच्या जाण्यायेण्यापासून बाजूला. दिवा उंच आहे, आणि तीन हातांपैकी दोन एकाच बाजूला वळवले तर कलंडतो. लहान मूल किंवा मांजर असेल तर हात तिन्ही दिशांना पसरूनच ठेवा.

आणि पंखा. जर्मन घरांत छताला पंखा नसतो, त्यामुळे या दिव्यांचे कोन बिनधास्त वर तोंड करून ठेवलेले असतात. आपल्याकडे तसं केलं की पात्यांच्या सावल्या छतभर गरगरतात आणि पाच मिनिटांत डोकं उठतं. कोन भिंतीकडे वळवा.